केकमधलं लोणी काढलं, तर त्याचं काम कोण करणार?

अक्रोड चांगले असतात असं कुठेतरी वाचलं, म्हणून 200 ग्रॅम लोणी असलेल्या केकमध्ये मूठभर अक्रोडही टाकले. नवशिके सुरुवात इथूनच करतात. मीही इथूनच केली. त्या मुठीतले 50 ग्रॅम अक्रोड म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी. लोणी होतं तेवढंच राहिलं, साखरही तेवढीच, वर ही भर. केक चवीला छान झाला, पण पौष्टिक काही झाला नाही, नुसता जड झाला.

म्हणून पहिली गोष्ट पक्की करा: भर घालायची नाही, बदली करायची. एक स्निग्ध पदार्थ बाहेर काढायचा आणि त्याच्या जागी दुसरा बसवायचा. गंमत इथेच सुरू होते, कारण बाहेर काढलेल्या लोण्याकडे केकमध्ये काही ठरावीक कामं होती. ती कोणती हे न पाहता त्याची खुर्ची दुसऱ्याला दिली की केक बसतो, कुकीज पसरतात आणि दोष तेलाला जातो.

आधी थोडं चांगल्या-वाईटाबद्दल

लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश असतो. 100 ग्रॅम लोण्यात संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट, जो बहुतांशी रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतो) भरतो 50 ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की दिवसभराच्या ऊर्जेपैकी संपृक्त मेदातून येणारा वाटा 10 टक्क्यांच्या आत असावा. 2000 कॅलरी खाणाऱ्यासाठी तो होतो जेमतेम 22 ग्रॅम. ऑलिव्ह तेलात संपृक्त मेद 14 टक्के, बाकीचा बहुतेक असंपृक्त. बदाम, शेंगदाणे, तीळ, अ‍ॅव्होकाडो यांच्यातही असंपृक्तच जास्त. अक्रोड, जवस आणि चिया यांत तर ओमेगा-3 गटातलं अल्फा लिनोलेनिक आम्ल असतं. हे आम्ल शरीराला स्वतः तयार करता येत नाही, अन्नातूनच घ्यावं लागतं. काही मेदाम्लं अशी अत्यावश्यक असतात हे 1929 मध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना मेदरहित आहार देऊन दाखवलं. त्याआधी मेद म्हणजे मुख्यतः इंधन, अशीच समजूत होती.

दोन ठिकाणी फसगत होते. पहिलं, खोबरेल. ते वनस्पतीचं आहे खरं, पण त्यातला 80 टक्क्यांहून जास्त मेद संपृक्त असतो, म्हणजे या बाबतीत लोण्याच्याही पुढे. साधारण 24 अंशांखाली ते घट्ट होतं आणि काही गोड पदार्थांत तो घट्टपणा हवाच असतो. तेवढ्यापुरतं वापरा, पण आरोग्यासाठी घालतो आहोत असं स्वतःला सांगू नका. दुसरं, डब्यातली घट्ट वनस्पतीजन्य चरबी. वेष्टनावर ‘अंशतः हायड्रोजनीकृत तेल’ असं दिसलं की डबा परत फळीवर ठेवा. त्यात हृदयाला घातक असा ट्रान्स मेद असतो, आणि उद्योगांत तयार होणारा हा मेद जगभरच्या अन्नातून हद्दपार करा असं आवाहन जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्येच केलं आहे.

आणखी एक, जरा कटू. मेद कोणताही असो, एका ग्रॅमला 9 कॅलरी ठरलेल्या. चांगलं तेल कमी कॅलरीचं नसतं. मोठा चमचाभर तेल म्हणजे 120 कॅलरी, मग बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

पायरी पहिली: लोण्याचं काम ओळखा

तुमची नेहमीची कृती समोर घ्या आणि लोणी कधी, कसं घातलं जातं एवढंच पाहा.

‘वितळलेलं लोणी’ असं लिहिलं असेल तर तुमचं काम सोपं. तिथे लोण्याचं मुख्य काम पदार्थ मऊ आणि ओलसर ठेवण्याचं. मेद पिठातल्या प्रथिनांना वेढतो, ग्लुटेनची जाळी फार ताणू देत नाही, त्यामुळे केक चिवट होत नाही. हे काम तेल लोण्यापेक्षाही चांगलं करतं. ब्राउनी, मफिन, गाजराचा केक, केळ्याचा केक, चॉकलेट केक हे सगळे या गटात येतात.

‘लोणी आणि साखर हलकं होईपर्यंत फेटा’ असं लिहिलं असेल तर लोणी हवा धरून ठेवण्याचं काम करतं. साखरेचे कण घट्ट लोण्यात बारीक बारीक पोकळ्या पाडतात आणि केक त्यांच्यावर फुगतो. तेल पातळ, त्यात अशी हवा टिकत नाही. इथे बदली शक्य आहे, पण हवेची सोय दुसरीकडून करावी लागते. ती कशी, ते पुढच्या पायरीत.

‘थंडगार लोण्याचे तुकडे पिठात चोळा’ किंवा ‘लोणी लाटून घड्या घाला’ असं दिसलं तर ती कृती बाजूला ठेवा. पापुद्रे सुटतात ते घट्ट लोण्याच्या थरांमुळे. तेलाने ते होणार नाही. लोण्याच्या आयसिंगचंही तेच. अशा दोन-चार पदार्थांत लोणीच वापरावं आणि ते क्वचित करावेत, हे माझं मत. ओढूनताणून केलेली पौष्टिक पेस्ट्री कुणी दुसऱ्यांदा मागत नाही.

पायरी दुसरी: तेलाचा हिशेब

लोण्यात 80 टक्के मेद, 16 ते 18 टक्के पाणी आणि थोडे दुधाचे घनपदार्थ असतात. तेलात मेद शंभर टक्के. म्हणून 150 ग्रॅम लोण्याच्या जागी 150 ग्रॅम तेल घातलं तर केक तेलकट होणारच. हिशेब असा: लोण्याच्या वजनाच्या 80 टक्के तेल आणि गेलेल्या पाण्याची भरपाई म्हणून थोडं दूध किंवा पाणी. 150 ग्रॅम लोणी काढलं तर 120 ग्रॅम तेल आणि 25 मिलिलिटर दूध. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, 100 मिलिलिटर तेलाचं वजन साधारण 92 ग्रॅम भरतं. तेव्हा मापाच्या पेल्याने तेल घेत असाल तर 120 ग्रॅमसाठी 130 मिलिलिटर घ्या. खरं तर वजनकाटाच घ्या. अंदाजपंचे बदली करायला गेलं की काय चुकलं हे कधीच कळत नाही.

लोणी बिनमिठाचं नसेल तर त्याच्याबरोबर मीठही गेलं हे विसरू नका. चिमूटभर वेगळं घाला.

आता हवेची सोय. अंडी आणि साखर आधी एकत्र फेटायची, विजेच्या फेटणीने चार-पाच मिनिटं, मिश्रण फिकट आणि दाटसर होईपर्यंत. मग फेटणं चालू ठेवून तेल बारीक धारेने सोडायचं. अंड्याच्या पिवळ्या बलकात लेसिथिन असतं, ते तेल आणि पाणी एकजीव करतं. तेल एकदम ओतलं तर ते तळाशी बसतं. आणि अंड्याचा फक्त पांढरा भाग फेटून घालायची कृती असेल तर तेलाचा हात त्या भांड्याला लागूसुद्धा देऊ नका. थोड्याशा तेलानेही तो फेस धरत नाही.

पहिल्या प्रयत्नासाठी ही कृती घ्या. 20 सेंटिमीटरचं गोल भांडं, तळाला कागद. 170 ग्रॅम साखरेत एका लिंबाची किसलेली साल बोटांनी चोळा, साखर ओलसर आणि सुगंधी होईपर्यंत. (सालीतलं सुगंधी तेल मेदात विरघळतं, म्हणून ऑलिव्ह तेलाच्या केकमध्ये लिंबू-संत्र्याचा वास इतका खुलतो.) त्यात खोलीच्या तापमानाची 3 अंडी घालून वर सांगितल्याप्रमाणे फेटा. 140 मिलिलिटर सौम्य चवीचं ऑलिव्ह तेल धारेने सोडा, मग 120 मिलिलिटर दूध, सोयाचं किंवा बदामाचंही चालेल. 200 ग्रॅम मैदा, 2 लहान चमचे बेकिंग पावडर आणि पाव लहान चमचा मीठ एकत्र चाळून दोन-तीन वेळा करून घाला आणि हलक्या हाताने खालीवर करत मिसळा. पीठ दिसेनासं झालं की थांबा. 170 अंशांवर 40 ते 45 मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झाला.

ऑलिव्ह तेल ओव्हनमध्ये ‘जळतं’ ही भीती बाळगू नका. केकच्या आत पाणी असेपर्यंत तापमान 100 अंशांच्या वर जात नाही. धूर येण्याचा प्रश्न कढईतला, केकमधला नाही. चवीचा प्रश्न मात्र खरा आहे. तिखट-कडवट तेल चॉकलेटमध्ये शोभतं, व्हॅनिलाच्या साध्या केकमध्ये नाही. तेल आधी चमचाभर चाखून बघा. ते नकोच असेल तर वासरहित सूर्यफूल किंवा कनोला तेल घ्या.

हा केक त्याच दिवशी खाल्लात तर थोडा निराश कराल स्वतःला. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो आणि तीन-चार दिवस मऊ राहतो. लोण्याचा केक फ्रीजमध्ये घट्ट होतो, कारण लोणी घट्ट होतं. हा तसा होत नाही.

पायरी तिसरी: दाण्यांचं लोणी

बदाम, शेंगदाणे, काजू किंवा तीळ वाटून केलेली पेस्ट म्हणजे तेल आणि प्रथिनं-तंतू यांचं मिश्रण. त्यात मेद साधारण 50 ते 55 टक्के. उरलेला भाग पदार्थातला ओलावा शोषून घेतो. त्यामुळे लोण्याच्या जागी वजनाला वजन पेस्ट घातली तर कुकी कोरडी आणि भुसभुशीत होते. मला जमलेलं प्रमाण असं: 100 ग्रॅम लोण्याच्या जागी 60 ग्रॅम पेस्ट, 40 ग्रॅम तेल आणि एक मोठा चमचा दूध.

पेस्ट घरी करणं सोपं, पण संयमाचं काम. दाणे 160 अंशांवर दहा मिनिटं भाजा, कोमट असतानाच मिक्सरला लावा. आधी भुकटी होईल, मग गोळा होऊन भांड्याच्या कडेला चिकटेल. इथे बहुतेकजण हार मानून पाणी घालतात. घालू नका! पाण्याच्या चमच्याने ती पातळ होत नाही, उलट दगडासारखी घट्ट होते. मिक्सर थांबवून थंड होऊ द्या, कडा खरवडा, पुन्हा फिरवा. दहा-बारा मिनिटांत दाण्यातलं तेल सुटतं आणि पेस्ट आपोआप वाहती होते.

या पेस्टच्या सगळ्यात सोप्या कुकीजला ना पीठ लागतं ना लोणी: 250 ग्रॅम पेस्ट, 150 ग्रॅम साखर, 1 अंडं, अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ. गोळे करा, काट्याने दाबा, 175 अंशांवर 10 ते 12 मिनिटं भाजा. बाहेर काढल्यावर त्या इतक्या मऊ असतील की कच्च्या वाटतील. दहा मिनिटं ट्रेला हात लावू नका, थंड झाल्या की सावरतात.

एकदा घरात दाण्यांची अ‍ॅलर्जी असलेले पाहुणे येणार होते, म्हणून याच कुकीज मी सूर्यफुलाच्या बियांच्या पेस्टने केल्या. संध्याकाळी डबा उघडला तर कुकीज आतून गडद हिरव्या! बुरशी समजून सगळ्या टाकून दिल्या, पाहुण्यांपुढे विकतची बिस्किटं ठेवली. नंतर कळलं की सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असतं आणि सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या संगतीत ते हिरवं होतं. खायला पूर्णपणे निर्धोक. रंग नको असेल तर सोडा कमी करून त्याच्या जागी थोडी बेकिंग पावडर घ्या आणि लहान चमचाभर लिंबाचा रस घाला.

पायरी चौथी: जवस आणि चिया

या दोन्ही बिया लोण्याची जागा घेत नाहीत, ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी गुळमुळीत सांगितली जाते. त्या घेतात अंड्याची जागा, आणि सोबत थोडा ओमेगा-3 आणतात. एका अंड्यासाठी 7 ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर, जवसाची पूड 45 मिलिलिटर पाण्यात दहा मिनिटं भिजवा. चिकट बुळबुळीत मिश्रण तयार होतं, ते पीठ बांधून ठेवतं. फुगवत मात्र नाही. एक किंवा दोन अंड्यांपर्यंत ही युक्ती चालते. तीन अंड्यांच्या केकमध्ये तिन्ही बदलली तर मध्यभाग गिच्च राहतो.

जवस अख्खा घालू नका. त्याचं कवच बरंचसं न पचता तसंच बाहेर पडतं. पूड करूनच घाला. त्या 7 ग्रॅममध्ये अल्फा लिनोलेनिक आम्ल दीड ग्रॅमच्या वर असतं, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज धरली जाते साधारण 1.1 ते 1.6 ग्रॅम. ऐकायला झकास वाटतं, पण केकचे दहा तुकडे होतात. तुमच्या वाट्याला दहावा हिस्सा! पूड पिठात मिसळून भाजायला हरकत नाही. जवसाचं तेल मात्र तापवू नका, ते फारच नाजूक असतं.

चियाची सगळ्यात चांगली जागा पुडिंगमध्ये. 40 ग्रॅम चिया, 240 मिलिलिटर कोणतंही दूध, आवडीप्रमाणे गोड. ढवळा, दहा मिनिटांनी पुन्हा ढवळा, नाहीतर बिया तळाशी गोळा होऊन बसतात. मग चार तास फ्रीजमध्ये. चिया आपल्या वजनाच्या दहापटीपर्यंत पाणी शोषतं, म्हणून कोरडं चिया कधी तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकू शकतं. त्या बियांचा दाणेदारपणा आवडत नसेल तर सगळं मिक्सरमधून फिरवा. मला तसंच आवडतं.

पायरी पाचवी: न भाजता

अ‍ॅव्होकाडोत मेद फक्त 15 टक्के, पाणी 73 टक्के. त्यामुळे केकमध्ये लोण्याऐवजी तोच तेवढ्याच वजनाने घातला तर केक दमट आणि गच्च होतो. घालायचाच तर निम्म्या लोण्याच्या जागी, आणि तोही चॉकलेट केकमध्ये, जिथे हिरवा रंग झाकला जातो. त्याचं खरं कर्तृत्व मूसमध्ये, म्हणजे थंड करून चमच्याने खायच्या मऊ गोड पदार्थात, दिसतं.

दोन पिकलेली फळं, म्हणजे 300 ग्रॅम गर. देठाजवळ दाबल्यावर किंचित दबणारी हवीत. कडक अ‍ॅव्होकाडोच्या मूसला गवताचा वास येतो आणि साखर कितीही घातली तरी तो जात नाही. 120 ग्रॅम 70 टक्क्यांचं डार्क चॉकलेट गरम पाण्यावर वितळवा. वाटी पूर्ण कोरडी हवी, वितळत्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब गेला तर ते आखडून रवाळ होतं. गर, 2 मोठे चमचे कोको, 4 मोठे चमचे मध किंवा कोणतंही सिरप, 60 मिलिलिटर दूध, व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत करा, मग कोमट चॉकलेट घालून पुन्हा फिरवा. फळं आणि दूध फ्रीजमधून काढून लगेच वापरू नका. थंड गरात चॉकलेट पडताच त्याच्या कणी होतात, आणि मग त्या दातांखाली येतात. दोन तास थंड करा. चॉकलेटमधला कोको बटरही वनस्पतीचाच मेद. तो संपृक्त गटातला खरा, पण त्यातला साधारण तिसरा हिस्सा स्टिअरिक आम्लाचा, आणि ते रक्तातलं कोलेस्टेरॉल इतर संपृक्त मेदांसारखं वाढवत नाही.

केकवर ओतायला क्रीम हवं असेल तर काजू. 150 ग्रॅम काजू चार तास भिजवा (घाई असेल तर उकळत्या पाण्यात वीस मिनिटं), पाणी फेकून द्या, ताज्या 120 मिलिलिटर पाण्याबरोबर तीन-चार मिनिटं वाटा. गोडी आणि व्हॅनिला चवीपुरतं. ते फेटून फुगत नाही, ओतायचंच असतं. फ्रीजमध्ये ते आणखी दाट होतं, म्हणून वाटताना थोडं पातळच ठेवा.

काहीही करा, खाणाऱ्यांना आधी विचारा. दाणे, तीळ यांची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते, आणि वाटून घातलेले काजू कुणाला दिसत नाहीत. लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नका, पूड किंवा पेस्ट द्या.

साठवण

असंपृक्त मेद हवेने, उजेडाने आणि उष्णतेने लवकर खवट होतात. जेवढं ओमेगा-3 जास्त, तेवढी घाई. जवसाच्या तेलाचा हाच गुण चित्रकारांनी शतकानुशतकं वापरला. हवा लागली की ते सुकून कडक पापुद्रा धरतं, तैलरंग त्यामुळेच कॅनव्हासवर टिकतो. तुमच्या डब्यातल्या जवसाच्या पुडीतही तीच क्रिया हळूहळू चालू असते. म्हणून पूड थोडी थोडी करा, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजरमध्ये ठेवा. अक्रोडही तिथेच. तेलाची बाटली शेगडीशेजारी नको, अंधाऱ्या कपाटात हवी.

वापरण्याआधी वास घ्या आणि एक दाणा सावकाश चावून बघा. ताजा अक्रोड किंचित गोडसर लागतो, साल थोडी तुरट. रंगाच्या डब्यासारखा किंवा जुन्या मेणाच्या खडूसारखा वास आला, जिभेवर कडवटपणा रेंगाळला, तर सगळी पिशवी टाकून द्या. केकमध्ये साखर आणि कोको आहे, कुणाला कळणार नाही, असं मलाही एकदा वाटलं होतं. ओव्हनचं दार उघडायच्या आतच घरभर कळलं.